रक्त माळेगावचं

आमच्या आईचं नाव कुशाबाई, पण उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांमध्ये ती 'टेपवाली म्हातारी' म्हणून प्रसिद्ध आहे. हंगाम सुरू झाला की कळंबातून ट्रॅक्टर जातात ते गाणी लावूनच. दोन-दोन ट्रॉल्या, मागे ऊस, पुढे कर्णे, आणि आवाज असा की घरातली भांडी हलावीत. आमच्या घराअलीकडच्या वळणावर मात्र गाणं बंद होतं आणि पार पुढच्या पुलावर पुन्हा सुरू होतं. नव्या ड्रायव्हरला जुने आधीच बजावून ठेवतात, "तितं म्हातारी हाय बघ. टेप बंद कर, न्हायतर चाकाफुडं हुभी राहती." ती राहते, हे खरं आहे. पदर खोचलेला, हात शेणानं भरलेले, आणि तोंडात ड्रायव्हरच्या सात पिढ्या.

हे सगळं माझ्या थोरल्या भावासाठी. सावळाराम त्याचं नाव, आम्ही दादा म्हणतो. मोठा आवाज झाला की तो कान दाबून भिंतीवर डोकं आपटायला लागतो. आता पन्नाशीला टेकलाय, पण बोलणं चार-दोन शब्दांचं, तेही आपण बोललो तेच परत. भाकरीचे चार तुकडे करून द्यायचे, चारच. एकाचे दोन झाले तर ताट पालथं. त्याच्या अंगाला कुणी हात लावलेला खपत नाही. नवा सदरासुद्धा आई त्याच्यासमोर धरून उभी राहते, तो आपला आपण हात घालतो. पण मला आठवतं, आमच्या लहानपणी ट्रॅक्टर थोडे आणि बैलगाड्या जास्त होत्या. पहाटे गाड्यांची रांग कारखान्याकडे निघायची. दादा रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसायचा आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकत राहायचा. हसायचा तेव्हा. तसं हसणं पुढे त्याच्या तोंडावर मी फारसं पाहिलं नाही. गाड्या कमी होत गेल्या तसा तो दगडावर जायचाही थांबला.

गावानं त्याला वेडसर ठरवलं आणि विषय संपवला. आईनं मात्र विषय कधीच संपवला नाही. तो असा का झाला, हे तिला ठाऊक होतं, असं तिला वाटत होतं. त्यासाठी तिनं एका माणसाला शिक्षा केली होती. ते माणूस म्हणजे तिची स्वतःची आई.

ही गोष्ट नीट सांगायची तर आमची सोयरीक सांगायला हवी. आई निमगाव केतकीची. तिला दिली ती सख्ख्या आत्याच्या घरात, आत्याच्या मुलाला, हिंदुरावाला. आमच्यात मामाची पोरगी करणं म्हणजे मानाचं, घरचं सोनं घरात. दादा चार वर्षांचा झाला तरी बोलेना, कुणाकडे बघेना. देवऋषी झाले, अंगारे झाले, इंदापूरचा डॉक्टर झाला. मग खापर फोडायची वेळ आली. आता गंमत बघा. सून ही सासूची भाची. सुनेच्या माहेरचं रक्त वाईट म्हणावं, तर तो सासूच्या सख्ख्या भावाचा वंश. मुलाचं म्हणावं, तर तो तिच्याच पोटचा. जिकडे बोट दाखवावं तिकडे आत्याबाई स्वतःच उभ्या. दोन्ही घरांत बाहेरून आलेलं माणूस एकच होतं, सुनेची आई. सगुणाबाई, माळेगाव बुद्रुकची. माझी आजी.

आणि आजीनं ते कबूल केलं. निमगावहून ती आपणहून कळंबला आली, सोप्यात चार माणसं बसलेली असताना म्हणाली, "माझ्याकडचंच हाय हे. माझा एक भाऊ असाच होता. ल्हानपणीच गेला." झालं. आत्याबाईंचं घर स्वच्छ, आत्याबाईंच्या भावाचं घर स्वच्छ, आणि डाग गेला माळेगावला.

आई तेव्हा विशी-बाविशीची, आणि मी तिच्या पोटात. राग तिच्या नाकावर जन्मापासून बसलेला. ती सगळ्यांदेखत आपल्या आईला म्हणाली, "ठावं होतं तर आदी का न्हाय सांगितलंस? आजपसनं तू आन् तुज्या माळेगावच्या मान्सांनी माझ्या पोराला हात लावायचा न्हाय." आजी "बरं" म्हणाली आणि आल्या पावली परत गेली. हे मला आईनंच सांगितलेलं, आणि लहानपणी ते ती अभिमानानं सांगायची.

माझ्यावर बंदी नव्हती, म्हणून दर उन्हाळ्याची सुट्टी मी निमगावात काढली. आजोबांचा पानमळा होता. बाहेर रस्त्यावर पाय भाजायचे आणि मळ्यात शिरलं की थेट गारवा. वेली वर चढलेल्या, खाली ओली माती, आणि सगळीकडे पानांचा तो तिखट हिरवा वास. दुपारी आजी पानं निवडत बसायची. लहान वेगळी, मोठी वेगळी, डागाळलेली वेगळी, आणि चळती ओल्या फडक्याखाली. तिच्यासारखी हलक्या हाताची बाई मी पाहिली नाही. पानं निवडताना ती मला विचारत राहायची. भाऊ आता काय खातो? रात्री झोपतो का? घुंगराला अजून हसतो का? अंगात कापडं कुठली घालतो, मऊ घालतो की टोचरी? मी सांगायचे आणि ती ऐकताना पान हातात तसंच धरून ठेवायची. मला वाटायचं, हिला माझ्याबद्दल काहीच कसं विचारावंसं वाटत नाही. मी रुसायचे. मग ती मला गुळाचा खडा द्यायची, आणि परत दादाचंच विचारायची.

कुणाच्या लग्नात ती आणि दादा एका मांडवात आली, तर आजी लांब बसून त्याच्याकडे बघायची. दोन्ही हात पदराखाली घेऊन. मला वाटायचं हिला थंडी वाजते. मी दहावीत असताना ती गेली. आई अंत्यविधीला गेली, रडली, पण दादाला नेलं नाही. पुढे कितीतरी वर्षं तिनं आत्याबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं. त्यांच्याबद्दल तिच्या तोंडातून कधी वाकडा शब्द आला नाही. माळेगावला मात्र ती पाणीसुद्धा पीत नव्हती.

मी लग्नानंतर बारामतीत आले, शाळेत शिकवायला लागले. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा आला. पेन्सिली रांगेनं लावायचा, कान दाबायचा, विचारलेलाच प्रश्न परत आपल्याला विचारायचा. त्याच्या आईनं मला डॉक्टरांचा कागद दाखवला आणि सांगितलं, ह्याला ऑटिझम आहे. तिनं सांगितलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. मग आम्ही दादाला दाखवलं, आणि जन्मभर वेडसर म्हणवून घेतल्यावर माझ्या भावाला त्याच्या असण्याचं नाव मिळालं. मला बरं वाटलं. आईनं फक्त विचारलं, "ते येतं कशानं?"

त्या प्रश्नामुळेच मी तिला त्या शिबिराचं सांगितलं. पुण्याहून एक पथक बारामतीत यायचं होतं. अशी मुलं-माणसं असलेल्या घरांचे नमुने घेऊन त्यांच्या जनुकांचा अभ्यास करणारं. आई म्हणाली, "रगत तपासून कुणाकडनं आलं ते कळतं?" मी म्हटलं, कधीकधी. ती लगेच उठून लुगडं बदलायला गेली.

पथकातली दिशा सोनवणे मूळची बारामतीचीच, तिशीची, घरच्या बोलीत बोलणारी. तिनं आमची वंशावळ मांडायला घेतली. नवरा कोण लागत होता म्हटल्यावर आईनं सांगितलं, आत्याचा मुलगा. आणि दिशा काही बोलायच्या आत आई तिच्यावर घसरली, "आमच्यात करत्यात. तुमच्यात न्हाय करत व्हय?"

"करतात की, आजी. माझ्या घरातही झालंय," दिशा हसून म्हणाली. "नात्यात लग्न झालं म्हणून काही आजारांची शक्यता वाढते, ते खरं. पण ह्यांना त्यानंच झालं, असं नुसतं बघून नाही सांगता येत."

"मला बाकी कायबी नको," आई म्हणाली. "एवढंच सांगा, माझ्या आयीकडनं आलंय का? तिचा एक भाऊ असाच होता. मी तिला लई बोललेय. खरं असंल तर बोलले ते बोलले." पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की तिनं उभा जन्म ह्या दुसऱ्या शक्यतेला हात लावला नव्हता.

दादाचं रक्त घेणं शक्यच नव्हतं, म्हणून दिशानं नळीत थुंकायला सांगितलं. त्यातूनही तेच कळतं म्हणाली. इतकी वर्षं ज्या रक्तावरून महाभारत झालं, त्याचा निकाल थुंकीवर लागणार म्हटल्यावर मला हसू आवरेना. आईनं आधी थुंकून दाखवलं. दादानं पाहिलं आणि टेबलावर थुंकला. मग खुर्चीवर, मग दिशाच्या पिशवीवर. शेवटी नळीत.

काही महिन्यांनी तिनं आम्हाला बोलावलं. दादाच्या एका जनुकात एक बदल सापडला होता. तोच बदल आईतही होता. आईचा चेहरा असा झाला की मी तिचा दंड धरला. "बगा," ती पुटपुटली. "आलं का न्हाय माळेगावचं?"

"थांबा आजी," दिशा म्हणाली. "हा बदल वाईट आहे की नुसताच वेगळा आहे, हे मला माहीत नाही. आम्ही तो जगातल्या याद्यांशी ताडून बघतो. त्या याद्यांत युरोपातल्या लोकांचे नमुने फार, आपल्याकडच्या लोकांचे थोडे. त्यांच्यात हा दिसत नाही. पण आपल्यात तो घरोघरी असला, तरी कळायला मार्ग नाही. गावात अनोळखी माणूस दिसला की लोकांना तो चोर वाटतो. शेजारच्या वस्तीवर जाऊन चौकशी केली की कळतं, तो तिथलाच, शेतकरी माणूस. आपल्याला ती वस्ती गाठायचीय. तुमच्या आईच्या माहेरची धडधाकट माणसं नमुना देतील का?"

म्हणजे माळेगाव. जिथलं पाणी आई पीत नव्हती, तिथं जाऊन तिला थुंकी मागायची होती.

गेली. आईचा मामेभाऊ विजयसिंह कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला लागला की थांबत नाही असा गडी. त्यानंसुद्धा ऐकून घेतल्यावर हात जोडले. "आक्का, आमच्या नातींची लग्नं व्हायची हायत. असल्या तपासण्या केल्या म्हणल्यावर कोन करील सोयरीक?" त्या अडचणीत खोटं काहीच नव्हतं. आई वाद घालील असं मला वाटलं. ती सोप्यात मांडी घालून बसली आणि म्हणाली, "विजा, मी हितं एक भाकरी खाल्ली तर चालंल का?" तिनं खाल्ली. मग विजयसिंहमामांनीच विचारलं, "कुठं थुकायचं म्हनतीस?"

दिशा पुढच्या आठवड्यात माळेगावला आली. नाव कुठं बाहेर जाणार नाही, हे तिनं प्रत्येकाला समजावून सांगितलं. खरी कसोटी वेगळीच निघाली. थुंकायच्या आधी अर्धा तास तंबाखू बंद. ओसरीवर एका ओळीत बसलेले ते बापे तोंड सुतकी करून घड्याळाकडे बघत होते. त्या मामाची, लहानपणी गेलेल्या त्या आजीच्या भावाची, कुणालाच माहिती नव्हती. "आमच्या वडलांनी कदी सांगितलं न्हाय. लपवलं असंल," विजयसिंहमामा म्हणाले. माहिती असणारं एकच माणूस उरलं होतं. आजीची धाकटी बहीण, छबूमावशी. तिला गावातच दिलेली, पण त्या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती लेकीकडे गेलेली होती.

निकाल आला तेव्हा दिशा स्वतःच फोनवर हसत होती. बदल खरोखर माळेगावचाच होता. विजयसिंहमामांत होता, त्यांच्या भावात होता, नातवंडांतही होता. सगळे धडधाकट, सगळे तोंडाळ. "हा चोर नव्हे, आजी," ती म्हणाली. "तुमच्या माणसांत जुना राहणारा आहे. ह्याच्यामुळं काही झालेलं नाही."

"मंग कशामुळं झालं?"

"ते नाही माहीत. बहुतेक वेळा एक कारण नसतंच, खूप बारीक गोष्टी एकत्र येतात. पण तुमच्या आईनं दिलं असं म्हणायला माझ्याकडं काही पुरावा नाही. फक्त ते तुमचे मामा राहिले. त्यांना पाहिलेलं कुणी भेटलं, तर मला कळवा."

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, मावशीला सांगायचंय. दादाला घेऊन जाऊ.

छबूमावशी पारावरच्या उन्हात बसावी तशी दारात बसली होती. आजीचाच चेहरा. तेच रुंद कपाळ, तीच बोटं. मला पानमळ्यातला वास आल्यासारखा झाला. आईनं तिला सगळं सांगितलं, तिला समजेल तसं. आपलं रगत चांगलं हाय, माळेगावचं कायबी वंगाळ न्हाय. मावशी मान हलवत होती, जशी काही ती बातमी नव्हतीच. मग आईनं विचारलं, "आन् तुमचा त्यो भाऊ? आयी म्हनायची त्यो?"

"कसला भाऊ?"

"ल्हानपणी गेला त्यो. आमच्या दादासारका."

"त्यो व्हय," मावशी म्हणाली. "त्यो कवाच न्हवता गं. आमी दोगी भनी आन् ईजाचा बाप. चौथं झालंच न्हाय कुणी."

आईला काही कळेना. मावशीनं मग सावकाश सांगितलं. आत्याबाईंनी त्या वर्षी हिंदुरावासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती, भिगवणकडची. कूस खोटी म्हणून आईला पोटातल्या बाळासकट निमगावला परत धाडायचं ठरलं होतं. आजीच्या कानावर ते आलं. ती रातोरात माळेगावला बहिणीकडे आली आणि तिथं बसून तिनं तो भाऊ रचला. "मला म्हनली, कुशीचा दोष म्हनलं तर पोरगी परत येती. भावाचा म्हनलं तर त्यो मेलेला. मेल्याला कोन घराबाहीर काढनार?"

"मला का न्हाय सांगितलं?" आईनं विचारलं.

"तुजं त्वांड तिला ठावं न्हवतं व्हय? दुसऱ्या दिशी आत्याशी भांडून मोकळी झाली असतीस. म्हनली, ऱ्हाऊ दे माझ्यावर राग. घरात तर ऱ्हाती."

माझे वडील, माझं कळंबचं घर, दगडावर बसून हसणारा दादा, त्याच्या शेजारची मी. ते सगळं त्या बाईनं एका न झालेल्या भावाच्या जिवावर राखलं होतं. मला तिच्यावर रुसलेल्या दुपारी आठवल्या आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दादा जवळच उंबऱ्यावर बसून जमिनीवरच्या उन्हाकडे बघत होता. मावशी त्याच्याकडे वळली. हात पुढे झाला, तिथंच थांबला, आणि तिनं आईला विचारलं, "लावू का गं हात ह्याला? आता तरी?"

आईनं तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन दादाच्या डोक्यावर ठेवला. दादानं झटक्यात मान काढून घेतली आणि तो लांब सरकून बसला. मावशी बावरली.

"तुला म्हनून न्हाय, मावशी," आई घाईघाईनं म्हणाली. "त्यो कुणालाच लावू देत न्हाय. जल्मल्यापसनं. मलाबी न्हाय लावू देत."

मावशीनं हात मागे घेतला. "मंग एवढं तरी तिला सांगायचं हुतंस की गं," ती म्हणाली. "तिला वाटायचं, एकटीलाच लावू देत न्हाय."